अमेरिकेंतील चेस्टनट वृक्षाचा संहार : एका रोगाच्या आगमाचा शोध

(१) विषयप्रवेश

आपल्या व्यवहारशास्त्रांत 'आगम' आणि 'भोग' हे दोन शब्द वारंवार येतात. एखादी वस्तु आज कोणाच्या वहिवाटींत आहे हा भोग, आणि ती त्याच्याकडे कोणत्या मार्गानें आली हा आगम. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या भोगाचा अपवाद वगळून याज्ञवल्क्यानें आगमास अधिक बळ दिलें आहे. जुन्या पोथ्या व कागदपत्रें धुंडाळणाऱ्या आमच्या वाचकवर्गास हा नियम समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. एखादी पोथी हातीं आली म्हणजे तींत काय लिहिलें आहे याच्या आधीं ती कोठून आली, कोणीं उतरली व कोणत्या प्रतीवरून उतरली, हेंच आपण विचारतों.

हाच प्रश्न वृक्षांच्या रोगासंबंधानेंही विचारावा लागतो, व त्याचें उत्तर वेळीं न मिळाल्यास एक अख्खी वृक्षजाति भूतलावरून जवळजवळ नाहींशी होते, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तसें घडलें आहे. तेथील चेस्टनट वृक्षाचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जो संहार झाला, त्याची हकीकत वनस्पतिशास्त्रज्ञांनीं पुष्कळ लिहिली आहे. आम्ही ती इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीनें, म्हणजे कोणती नोंद केव्हां झाली, कोणती झाली नाहीं आणि त्याचा परिणाम काय झाला या अंगानें, येथें मांडीत आहों.

(२) वृक्ष व त्याचा प्रदेश

प्रारंभीं एक खुलासा केला पाहिजे. आपल्या तळ्यांत होणाऱ्या शिंगाड्यास इंग्रजींत 'पाण्यांतील चेस्टनट' अशा अर्थाचें नांव आहे. परंतु त्याचा या वृक्षाशीं कांहीं संबंध नाहीं. येथें ज्याचा विचार करावयाचा तो ओक व बीच यांच्या कुळांतील एक उंच वृक्ष होय. त्याचें शास्त्रीय नांव कास्टेनिया डेंटाटा. याचीं भावंडें युरोप, चीन व जपान येथें आहेत, आणि या चौघांच्या नात्यांतच पुढील सर्व कथेचें बीज आहे.

अमेरिकन चेस्टनट उत्तरेस मेन संस्थानापासून दक्षिणेस जॉर्जिया, आलाबामा व मिसिसिपी यांपर्यंत पसरलेला होता, आणि अपालाचियन पर्वताच्या उतारांवर तर त्याचेंच राज्य होतें. रोग येण्यापूर्वीं या जातीचे साडेतीन ते चार अब्ज वृक्ष उभे होते, असा अंदाज सांगण्यांत येतो. उंची शंभर फुटांपर्यंत जाई. लांकूड सरळ चिरलें जाणारें, हलकें आणि सहसा न कुजणारें. त्यामुळें कुंपणाचे खांब, तारायंत्राचे खांब, आगगाडीच्या रुळांखालचे स्लीपर, घरांच्या तुळया व पाळणे यांपर्यंत त्याचा उपयोग होई. लांकूड व साल यांतून कातडीं कमावण्याचें द्रव्य निघे. शरद् ऋतूंत काटेरी कवचांतून पडणारीं गोड फळें डोंगरी शेतकऱ्यांचीं मुलें वेंचीत, डुकरें त्यांवर पोसलीं जात, आणि पोतीं भरून तीं शहरांच्या बाजारीं रवाना होत. कोंकणांतील माणसाचा नारळाशीं जो संबंध, त्याच्या जवळपास पोंचणारा संबंध अपालाचियन डोंगरांतील गरीब कुटुंबाचा या झाडाशीं होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

(३) रोगाचें प्रथम दर्शन

१९०४ सालीं न्यूयॉर्क शहरांतील ब्राँक्स येथील प्राणिसंग्रहोद्यानांत हर्मन मर्केल नांवाचा वनाधिकारी होता. उद्यानांतील चेस्टनटांच्या फांद्या वाळत आहेत व सालीवर विचित्र व्रण पडले आहेत, असें त्याच्या लक्षांत आलें. त्यानें रोगट फांद्या तोडविल्या व बोर्डो मिश्रणाची फवारणी करविली. मोरचूद व चुना यांचें हें मिश्रण आपल्याकडील द्राक्षाच्या व सुपारीच्या बागाईतदारांच्या पूर्ण परिचयाचें आहे. परंतु रोग सालीच्या आंत आणि औषध सालीच्या बाहेर, अशी स्थिति असल्यामुळें त्याचा उपयोग झाला नाहीं.

मर्केलनें जवळच्याच न्यूयॉर्क वनस्पति उद्यानांतील विल्यम मरिल या बुरशीशास्त्रज्ञास पाचारण केलें. मरिलनें व्रणांतून बुरशी वेगळी काढली, निरोगी रोपांवर ती लावून तोच रोग उत्पन्न होतो हें दाखविलें, आणि १९०६ सालीं ही जात नवीन आहे असें ठरवून तिचें 'डायापोर्थे पॅरासिटिका' असें नामकरण केलें. पुढें १९१२ सालीं ती 'एंडोथिया' या गणांत गेली, व १९७८ पासून ती 'क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका' या नांवानें ओळखली जाते. एकाच ग्रंथकाराच्या तीन नांवांप्रमाणें हीं तीनही नांवें एकाच बुरशीचीं आहेत, हें जुने लेख वाचतांना ध्यानांत ठेवावें लागतें.

रोगाची रीति अशी. सालीवर जखम किंवा चीर असेल तेथें बुरशीचा सूक्ष्म बीजकण शिरतो. आंत तिचे तंतु पंख्याच्या आकारानें पसरतात व ऑक्झॅलिक आम्ल स्रवून सालीखालील जिवंत थर मारीत जातात. व्रणानें खोडास पुरतें वेढिलें म्हणजे वरचा भाग वाळतो. मेलेल्या सालीवर नारिंगी रंगाचे बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे येतात. त्यांतून निघणारे बीजकण वारा, पाऊस, किडे व पक्षी यांच्याबरोबर पुढल्या झाडावर जातात. ओकाच्या कांहीं जातींवरही ही बुरशी राहते, पण त्यांस सहसा मारीत नाहीं ; म्हणजे जंगलांतले चेस्टनट सरले तरी तिला आश्रय उरतोच.

यांत एक गोष्ट मात्र वृक्षाच्या बाजूची आहे. मातींत या बुरशीचें कांहीं चालत नाहीं. तेथील इतर सूक्ष्म जीव तिला दाबून टाकतात. म्हणून खोड मेलें तरी मूळ जगतें, त्यास धुमारे फुटतात, ते मनुष्याच्या मनगटाएवढे होतात न होतात तोंच पुन्हां रोगास बळी पडतात. असें हें चक्र आज शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणें अमेरिकेच्या जंगलांत या जातीचे सुमारें ४३ कोटी धुमारे व झाडें अद्यापि आहेत. परंतु त्यांतील बहुतेकांची जाडी एक इंचाहूनही कमी आहे. अशा स्थितींत फुलण्या-फळण्याइतकें वय क्वचित् एखाद्यासच लाभतें. वंश बुडाला नाहीं, पण वाढणें थांबलें.

(४) आगमाचा वाद

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ही बुरशी अमेरिकेंतलीच कीं बाहेरून आलेली ? हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. बुरशी देशींच असेल व दुष्काळ, कडक थंडी इत्यादि कारणांनीं झाडें दुबळीं झाल्यामुळेंच तिचें फावलें असेल, तर ऋतुमान सुधारल्यावर झाडें सांवरतील, मोठा खर्च करण्याचें कारण नाहीं. उलट ती परकी असेल, तर तिच्याशीं या झाडांची कधींच गांठ पडलेली नाहीं, त्यांच्या अंगीं प्रतिकारशक्ति नाहीं, आणि आपोआप सांवरण्याची आशा धरणें व्यर्थ आहे. म्हणजे उपाययोजना आगमाच्या निर्णयावर अवलंबून होती.

कनेक्टिकटचे जॉर्ज क्लिंटन यांनीं पहिला पक्ष मांडला. संयुक्त संस्थानांच्या शेतकी खात्यांतील हेवन मेटकाफ यांनीं दुसरा. मेटकाफ यांनीं १९०८ सालीं एक मार्मिक गोष्ट पुढें आणली. ज्या बागांत अमेरिकन चेस्टनट मरत होते, त्याच बागांतील जपानी चेस्टनट तग धरून होते. ज्या झाडाच्या अंगीं या रोगाचा प्रतिकार आहे, त्याची व या रोगाची पूर्वओळख असली पाहिजे. यावरून रोगाचें माहेर जपानाकडे असावें, असा त्यांचा तर्क. हा पुरावा अनुमानाचा होता, प्रत्यक्षाचा नव्हता. आशियांत ही बुरशी आहे असें तोंपर्यंत कोणींही पाहिलेलें किंवा लिहिलेलें नव्हतें.

येथेंच कागदपत्रांची उणीव भोंवली. जपानी चेस्टनट अमेरिकेंत १८७६ सालीं आला. जॉर्ज हॉल यांनीं तो पाठविला व न्यूयॉर्कजवळील फ्लशिंग येथील पार्सन्स यांच्या रोपवाटिकेंत तो लागला, एवढी नोंद आहे. पुढें इतर व्यापाऱ्यांनींही तो आणला, आणि मोठीं फळें लवकर देणारें झाड म्हणून त्याचीं रोपें टपालानें गांवोगांव गेलीं. व्यापाऱ्यांच्या सूचीपत्रांत फळाचा आकार, किंमत व गोडी हीं आढळतात. परंतु येतांना रोपांच्या सालीची परीक्षा कोणीं केली नाहीं. ती करण्यास सांगणारा मध्यवर्ती कायदाच देशांत नव्हता. आगमाचा जो एक दाखला बंदरावर तयार व्हावयास हवा होता तो झाला नाहीं, आणि १९०४ सालीं वस्तु भोगांत आल्यावर तो शोधण्याची पाळी आली.

(५) पेनसिल्व्हानियाचा आयोग

वाद मिटण्याची वाट न पाहतां पेनसिल्व्हानिया संस्थानानें १९११ सालीं चेस्टनटरोग आयोग नेमला व त्यास २,७५,००० डॉलर मंजूर केले. त्या काळच्या मानानें ही रक्कम फार मोठी होती. मेटकाफ व त्यांचे सहकारी कॉलिन्स यांनीं त्याच वर्षीं सुचविलेली योजना आयोगानें पुढें ठेवली. जेथें रोग सर्वत्र पसरला आहे तो भाग सोडून द्यावयाचा ; त्याच्या पुढें जीं तुरळक रोगट झाडें असतील तीं हुडकून तोडावयाचीं व साल जाळावयाची ; आणि अशा रीतीनें संस्थानाच्या पश्चिम भागांतील निरोगी जंगल वांचवावयाचें. वणवा आटोक्यांत आणण्यासाठीं पुढचें गवत जाळून पट्टा मोकळा करतात, तशांतलीच ही युक्ति होती.

१९१२ च्या फेब्रुवारीच्या २० व २१ या तारखांस गव्हर्नर जॉन टेनर यांनीं हॅरिसबर्ग येथें सर्व संस्थानांची परिषद् बोलाविली. तिचा वृत्तांत छापलेला आहे व तो इतिहासाच्या अभ्यासकानें वाचण्यासारखा आहे. बहुतेक वक्ते कांहीं तरी केलेंच पाहिजे या मताचे होते. न्यूयॉर्क संस्थानाच्या जिनीव्हा येथील प्रयोगशाळेचे एफ. सी. स्ट्युअर्ट हे मात्र उलट बोलले. तोडीच्या या पद्धतीनें रोग थांबतो असें कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं, रोग डोळ्यांस दिसण्यापूर्वींच पुढें गेलेला असतो, आणि अशक्य गोष्टीच्या मागें सार्वजनिक द्रव्य लावूं नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. परिषदेस तें रुचलें नाहीं. परंतु पुढल्या वर्षीं, १९१३ सालीं, पैशाच्या अभावीं आयोगाचें काम बंद पडलें व रोगानें पश्चिमेची वाट धरली. १९५० च्या सुमारास वृक्षाचा बहुतेक सर्व नैसर्गिक प्रदेश रोगानें व्यापिला होता.

आयोगानें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. रोगाच्या प्रसारासंबंधींची पुष्कळ माहिती त्याच्याच माणसांनीं मिळविली, आणि दृष्टीआड राहिलेल्या रोगापुढें कोणताही आयोग हतबल झाला असता. तथापि या काळांत एक अनिष्ट घडलें. झाड मरणारच आहे तर लांकडाचे पैसे तरी करावे, या विचारानें मालकांनीं निरोगी चेस्टनटही तोडून विकले. त्यांत एखाद्या वृक्षाच्या अंगीं रोगास दाद न देण्याचा गुण उपजत असता, तर तो कोणास कळण्यापूर्वींच करवतीखालीं गेला. जुन्या दफ्तरांत वाळवी लागली म्हणून न वाचतांच सर्व रुमाल जाळून टाकावे, तशांतला हा प्रकार होता.

(६) चीनहून आलेले सालीचे तुकडे

आयोगाचें काम आटोपत असतांनाच आगमाचा निर्णय लागला. फ्रँक मेयर हे मूळचे ॲम्स्टरडॅमचे, जन्म १८७५. अमेरिकन शेतकी खात्यानें त्यांस उपयुक्त वनस्पति शोधून आणण्यासाठीं आशियांत धाडिलें होतें, व ते शेंकडों मैल पायीं हिंडत असत. खात्यांतील डेव्हिड फेअरचाइल्ड यांनीं त्यांस चेस्टनटच्या रोगाचें वर्णन कळविलें आणि चीनमध्यें तो आढळतो कीं काय हें पाहण्यास सांगितलें. १९१३ च्या जून महिन्यांत पेकिंगच्या ईशान्येस, चिनी भिंतीच्या बाजूस असलेल्या मुलखांत, मेयर यांस तसेच व्रण असलेले चेस्टनट दिसले. त्यांनीं सालीचे तुकडे पत्रासह वॉशिंग्टनला पाठविले. तेथें शीअर व स्टीव्हन्स या दोघांनीं त्यांतून बुरशी वाढविली, अमेरिकन बुरशीशीं ती ताडून पाहिली, आणि दोन्ही एकच असल्याचें त्याच वर्षीं जाहीर केलें. १९१५ सालीं मेयर यांनीं जपानांतील निक्को येथेंही ती शोधून काढली. चीनमधील झाडांस व्रण पडत, पण बहुतेक झाडें मरत नसत, हेंही त्यांनीं नमूद केलें होतें. पुढें १९१८ सालीं यांगत्से नदींत बुडून त्यांचा अंत झाला.

अशा रीतीनें मेटकाफ यांचें अनुमान प्रत्यक्षानें खरें ठरलें. अलीकडे निरनिराळ्या देशांतील बुरशीच्या आनुवंशिक लक्षणांची जी तुलना झाली, तिनेंही अमेरिकन शाखेचें नातें मुख्यतः जपानी शाखेशीं जुळतें असें दाखविलें आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर मांडून समान अपपाठांवरून त्यांचें कुळ ठरवितात, त्याच पद्धतीचा हा पुरावा आहे.

परंतु निर्णय लागला तेव्हां वेळ टळून गेली होती. १८७६ पासून १९१३ पर्यंत ३७ वर्षें होतात. या अवधींत एक शहाणपण मात्र आलें. १९१० सालीं टोकियो शहरानें वॉशिंग्टनला भेट पाठविलेलीं २,००० चेरीचीं झाडें किडींनीं भरलेलीं आढळल्यामुळें सरकारी आज्ञेनें जाळण्यांत आलीं. १९१२ सालीं त्यांच्या जागीं निरोगी झाडें आलीं, व त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं परदेशी रोपांच्या तपासणीचा कायदा अमेरिकेंत मंजूर झाला. हिंदुस्थानांतही लवकरच, १९१४ सालीं, पिकांस घातक कीड व रोग बाहेरून येऊं नयेत यासाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि रोपांच्या आयातीसंबंधींचा २००३ चा तपशीलवार आदेश त्याच कायद्याखालीं निघालेला आहे. बंदरावर रोपांसोबत जो दाखला मागतात तो अनेकांस जाच वाटतो. त्या दाखल्याच्या मागें चार अब्ज वृक्षांचा इतिहास आहे.

(७) रक्षणाचे उपाय

रोगाचें माहेर कळल्यानें एक मार्ग मोकळा झाला. ज्या भावंडांच्या अंगीं प्रतिकार आहे, त्यांच्याकडून तो घेण्याचा. १९२० नंतरच्या काळांत शेतकी खात्यानें व कनेक्टिकटमधील आर्थर ग्रेव्ह्ज यांनीं आशियाई चेस्टनटाशीं संकर सुरू केले. संकरितांत प्रतिकार आला, पण उंची व जंगलांत टिकून राहण्याची धमक गेली. मिनेसोटाचे मक्याचे संशोधक चार्ल्स बर्नहॅम यांनीं यावर तोड सुचविली. संकरिताचा संबंध पुन्हां पुन्हां अमेरिकन झाडाशींच जोडावा, व प्रत्येक पिढींत प्रतिकार असलेलींच रोपें राखावींत. पहिल्या संकरांत अमेरिकन अंश अर्धा, नंतर तीन चतुर्थांश, मग सात अष्टमांश, आणि शेवटीं पंधरा षोडशांश. या कार्यासाठीं १९८३ सालीं अमेरिकन चेस्टनट प्रतिष्ठान स्थापन झालें, व १९८९ पासून व्हर्जिनियांतील मेडोव्ह्यू येथें त्याची लागवड चालू आहे. पुढें असें दिसून आलें कीं, प्रतिकाराचा गुण दोन-तीन ठिकाणीं एकवटलेला नसून अनेक ठिकाणीं विखुरलेला आहे. त्यामुळें अमेरिकन अंश वाढतो तसा प्रतिकार गळत जातो. काम थांबलें नाहीं, पण सोपें राहिलें नाहीं.

दुसरा मार्ग अनपेक्षितपणें युरोपांतून आला. १९३८ सालीं ही बुरशी इटलींत जिनोआजवळ आढळली व तेथील चेस्टनट मरूं लागले. परंतु १९५० च्या आसपास अंतोनिओ बिराघी यांस कांहीं झाडांचे व्रण आपोआप भरून येतांना दिसले. पुढें फ्रान्समध्यें जाँ ग्रांत यांच्या संशोधनावरून, त्या व्रणांतील बुरशीच स्वतः आजारी व निस्तेज असते, व हा आजार एका बुरशीकडून दुसरीकडे लागतो, असें कळलें. त्याचें कारण एक विषाणु होय. १९७२ सालीं हे निस्तेज वाण कनेक्टिकटला नेण्यांत आले. युरोपांत या उपायास यश आलें. अमेरिकेंत तें फारच थोडें आलें. विषाणु एका बुरशींतून दुसरींत जाण्यास दोहोंचे तंतु जुळावे लागतात, आणि ते एकाच गटांतील असल्यासच नीट जुळतात. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध. येथें सगोत्राशिवाय संबंधच नाहीं. अमेरिकेंत अशीं 'गोत्रें' फार, म्हणून आजार पसरत नाहीं.

तिसरा मार्ग जनुकांचा. न्यूयॉर्क संस्थानांतील सिराक्यूज येथील वनविद्येच्या महाविद्यालयांत विल्यम पॉवेल व चार्ल्स मेनार्ड यांनीं गव्हांतील एक जनुक चेस्टनटांत घातलें. त्याच्या योगें बुरशीच्या ऑक्झॅलिक आम्लाचें विघटन होऊन त्याची धार बोथट होते. या कामांतील 'डार्लिंग ५८' नांवाच्या शाखेस मोकळ्या रानांत लावण्याची अनुमति २०२० सालीं सरकारकडे मागण्यांत आली. आणि २०२३ च्या डिसेंबरांत असें जाहीर झालें कीं, ज्या झाडांवर कित्येक वर्षें चाचण्या झाल्या व ज्यांचा पराग दूरदूर गेला, तीं ५८ क्रमांकाचीं नसून ५४ क्रमांकाचीं आहेत. पूर्वीं केव्हां तरी खुणेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. ५४ मध्यें नवें जनुक झाडाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या मध्यभागीं जाऊन बसलें आहे. वाढ व प्रतिकार यांत या झाडांचें फळ अपेक्षेहून उणें असल्याचें कारण देऊन प्रतिष्ठानानें आपला पाठिंबा काढून घेतला. महाविद्यालयानें काम पुढें चालू ठेविलें.

एका पोथीच्या शेवटीं दुसऱ्या पोथीचें पुष्पिकेचें पान बांधलें गेलें, तर कर्ता व शक दोन्ही चुकतात, आणि त्या शकावर उभारलेली सगळी कालगणना कोसळते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं अनेकांस असेल. सिराक्यूजच्या प्रकरणांत याहून निराळें कांहीं घडलें नाहीं. १८७६ सालीं दाखला झालाच नाहीं. २०२३ सालीं झालेला दाखला दुसऱ्याचाच निघाला. शास्त्र मधल्या काळांत कितीही पुढें गेलें तरी पायाखालची पायरी तीच राहिली.

(८) वृक्षायुर्वेदाची साक्ष

या प्रसंगीं आपल्या ग्रंथांतील एका स्थळाचा निर्देश केला पाहिजे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. पानें पांढुरकीं पडणें, अंकुर न वाढणें, फांद्या वाळणें व रस पाझरणें हीं तेथें रोगाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. उपाय असा कीं, रोगट भाग आधीं शस्त्रानें शुद्ध करावा व मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा. चेस्टनटाच्या एकेकट्या मोलाच्या झाडासाठीं आज जो उपाय अमेरिकेंत उद्यानपाल करतात, तोही व्रणावर ओली माती थापून ती कांहीं महिने बांधून ठेवण्याचा आहे. मातींत ही बुरशी टिकत नाहीं हें वर आलेंच आहे. त्यामुळें व्रण भरून येतो. अर्थात् झाडावर दुसरीकडे नवे व्रण पडतच राहतात, म्हणून हा उपाय अंगणांतल्या झाडापुरता, अरण्यापुरता नव्हे.

यावरून वराहमिहिरास या बुरशीचें ज्ञान होतें असें कोणीं म्हणूं लागल्यास तें आम्हांस मान्य होणार नाहीं. तो रोग त्याच्या देशांतला नव्हता व तें झाडही नव्हतें. दोन उपायांचें साम्य हें साम्यच. त्यावरून संबंध सिद्ध होत नाहीं. परंतु चिखल झाडाच्या व्रणास हितकर ठरतो हें निरीक्षण कोणीं तरी केलें, लिहून ठेविलें व पोथ्यांतून तें आपल्यापर्यंत आलें, एवढें निश्चित आहे. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा सुमारें ३२५ श्लोकांचा स्वतंत्र ग्रंथ तर ऑक्सफर्डच्या बोडलेयन ग्रंथालयांतील हस्तलिखितांत राहिला होता. डॉ. नेने यांनीं त्याची प्रत १९९४ सालीं मिळविली, व डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो १९९६ सालीं सिकंदराबाद येथून प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथांतही वृक्षांचे रोग व त्यांची चिकित्सा यांचा विचार आहे. हस्तलिखित जपलें गेलें म्हणून तो आज वाचतां येतो.

(९) उपसंहार

चेस्टनटाच्या रक्षणाचा इतिहास अद्यापि संपलेला नाहीं. विस्कॉन्सिनमधील वेस्ट सेलम येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका वसाहतवाल्यानें लावलेल्या थोड्याशा झाडांचें पुढें मोठें वन झालें. मूळ प्रदेशापासून दूर असल्यामुळें तें शंभर वर्षें निरोगी राहिलें. १९८७ सालीं तेथेंही रोग पोंचला. अंतर हें रक्षण आहे, पण तें कायमचें नाहीं.

या सर्व हकीकतींतून आम्ही एवढेंच काढतों कीं, वृक्षाचें रक्षण कुऱ्हाड, औषध किंवा जनुक यांच्या आधीं नोंदीनें सुरू होतें. कोणतें रोप कोठून आलें, कोणत्या सालीं आलें, येतांना कसें होतें, कोठें लावलें आणि त्याचें पुढें काय झालें, हें लिहिलेलें असेल तर रोगाचा आगम वर्ष-दोन वर्षांत सांपडतो. नसेल तर त्यास सदतीस वर्षें लागतात, व तोंवर अरण्य उरत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं जुन्या वाड्यांचीं, देवस्थानांचीं व जहागिरींचीं दफ्तरें आहेत. त्यांतील सनदा, महजर व पत्रें यांचें महत्त्व सर्व जाणतात. बागेच्या हिशेबाची वही मात्र बहुधा बाजूस पडते. आमची विनंति अशी आहे कीं, अशा वह्यांत कलमें, रोपें किंवा बीं परगांवाहून आणविल्याची, झाडें रोगानें गेल्याची, किंवा त्यांवर केलेल्या उपायांची नोंद आढळल्यास ती रद्दींत जाऊं देऊं नये. तिची तारीख, स्थळ व मूळ अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, आणि वहीवर ती कोणाच्या घरची व कोठें मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आंब्याची, फणसाची, सुपारीची अशी एखादी ओळ आज क्षुल्लक वाटेल. पुढें केव्हां तरी एखाद्या वृक्षरोगाचा आगम शोधणारास हवी असलेली ओळ तीच असण्याचा संभव आहे.